ओठ मिटलेले फोटो

४ जून

प्रिय बाल्कनीवाली,

पाकिटावर तुमचं खरं नाव लिहिलं आहे, पण आत मी जुन्याच नावाने हाक मारते. गेली तीन वर्षं मी तुम्हाला त्याच नावाने ओळखते. मी 'गच्चीवरची काकू'. तुम्ही बाल्कनीतल्या कुंड्यांचे आणि स्वतःचे फोटो टाकायचात आणि रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिला अंगठा माझा असायचा. आपण कधी भेटलो नाही, तरी तुमच्या मिरचीच्या रोपाला कीड लागली तेव्हा माझ्या घशाखाली चहा उतरला नव्हता.

जाताना तुम्ही जे लिहिलंत ते माझं पाठ झालं आहे. "आजपासून माझी इथली सगळी खाती बंद. कुणावर राग नाही. दिवस हातातून निसटत होता, तो परत माझ्या हातात हवा आहे. ज्यांच्याशी खरंच बोलायचंय अशा अकरा जणांना पत्ता कळवते आहे. त्यांनी हाताने पत्र लिहावं, महिन्याला एक. मी उत्तर देईन." त्या अकरांत मी आहे हे कळल्यावर मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. मग विचार करायला लागले. कुणावर राग नाही, असं कुणी न विचारता कोण लिहितं? ज्याला राग आलेला असतो तो. किंवा ज्याच्याकडून दुसऱ्याने लिहून घेतलेलं असतं तो.

तुम्ही म्हणाल, काकू भलत्याच संशयी. असू दे. सरळ विचारते. खाती बंद करायची कल्पना कुणाची? तुमच्या यजमानांनीही बंद केली, की फक्त तुम्ही? फोन तुमच्याजवळच असतो ना? शाळेत जाता-येता एकट्या असता, की कुणी सोडायला आणि न्यायला येतं?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. गेल्या वर्षभरात तुमचा एकही फोटो असा नाही की ज्यात दात दिसतात. एकशे चौदा फोटो, मी मोजले. त्याआधी तुम्ही कशा तोंडभर हसायचात! आता बघावं तिथे ओठ मिटलेले. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, दातांच्या कवळ्या बनवतात. उभा जन्म त्यात गेला. कामात देवमाणूस, स्वभावाने जरा तापट, पण मनाने निर्मळ. त्यांना मी तुमचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "बाई, हसायची सवय असलेलं माणूस अचानक ओठ मिटून घेतं, तेव्हा आतला एखादा दात गेलेला असतो. आणि तिशीतल्या मुलीचा पुढचा दात आपोआप जात नाही." मागे एकदा मी तुमच्या मैत्रिणीच्या दाताचं कौतुक केलं होतं, आठवतं? ते ज्ञानही त्यांचंच.

एक हसरा फोटो पाठवा, कागदावर छापलेला. म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. उत्तर मागे लिहिलेल्या पोस्टाच्या पेटीवर पाठवा. आमच्याकडे घरी टपाल नीट मिळत नाही.

तुमची,
गच्चीवरची काकू

२ जुलै

प्रिय बाल्कनीवाली,

तुमचं दीड पानी पत्र मिळालं. आनंद झाला, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

पाकिटावरचा पत्ता तुमच्या अक्षरात नाही. पुरुषी अक्षर आहे, खालून रेघ ओढलेलं. पाकीट एकदा चिकटवून, उघडून, पुन्हा चिकटवलं आहे. डिंकाचे दोन थर मी नखाने सोलून पाहिले. म्हणजे तुमचं पत्र बाहेर पडण्याआधी कुणीतरी वाचतं. दीड पानात 'आम्ही' हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि 'मी' फक्त चार वेळा. आम्ही संध्याकाळी चालायला जातो. आम्ही फोन कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो आणि रविवारीच काढतो. फोन वरच्या खणात कोण ठेवतं? ज्याचा हात पुरतो तो. तुमचा हात वरच्या खणापर्यंत पुरत नाही हे मी फोटोवरून सांगू शकते.

शाळेबद्दल मात्र भरभरून लिहिलंत. तुमच्या वर्गात सहा मुलं आहेत, एकालाही ऐकू येत नाही, आणि ती तुमच्या ओठांकडे बघून शब्द ओळखतात. आठवडाभर तुम्ही एकच शब्द शिकवत होतात, कारण एका मुलीला तो ओठांवर सापडत नव्हता, आणि सापडला तेव्हा ती बाकावर चढून उभी राहिली. हे वाचून मला बरं वाटलं. लगेच काळजीही वाटली. जिची भाकरी तोंडावर चालते, तिच्याच तोंडाला इजा झाली तर ती कुणाला सांगेल?

फोटो तुम्ही पाठवला नाहीत. "काकू, फोटो पाठवायचे नाहीत म्हणून तर हे सगळं सोडलं," असं लिहिलंत. हुशार उत्तर आहे. दात सगळे जागेवर आहेत, एवढे चार शब्द लिहायला काय हरकत होती?

शेवटी तुम्ही विचारलंत, "तुमच्या शेजारचे गृहस्थ कसे आहेत? गुडघा अजून दुखतो का?" गुडघा दुखतो. पण तो दुखतो हे तुम्हाला कसं कळलं, यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. बहुधा मीच कधी बोलता बोलता लिहून गेले असेन.

पुढच्या पत्रात पत्ता स्वतः लिहा. आणि काही अडचण असेल तर पहिल्या ओळीत मिरचीच्या रोपाचा विषय काढा. मी काय ते समजेन.

तुमची,
काकू

२८ जुलै

माननीय मुख्याध्यापिका यांस,

आपल्या शाळेत ओठांवरून बोलणं शिकवणाऱ्या तरुण बाईंच्या संदर्भात हे पत्र आहे. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. माझ्या माहितीप्रमाणे या गृहस्थाने वर्षभरापूर्वी मारहाण करून बाईंचा पुढचा एक दात पाडला आहे आणि आता त्यांचा फोन व पत्रव्यवहार स्वतःच्या ताब्यात ठेवला आहे. बाई भीतीपोटी बोलत नाहीत. त्यांच्या ताज्या पत्राची पहिली ओळ, "मिरची आता छान फुलली आहे," ही आमच्यात ठरलेली खूण आहे. कृपया दोघांना समोर बसवून चौकशी करावी.

मी दातांच्या बाबतीत चुकत नाही.

आपला,
एक हितचिंतक

२१ ऑगस्ट

ससोबा,

या नावाने तुला हाक मारणारा जगात एकच माणूस आहे, तेव्हा खाली सही बघायची गरज नाही.

गच्चीवरची काकू मीच. आपल्या घराला गच्ची नाही हे तुला माहीत आहेच. ते फोटो तुझ्या आईच्या खिडकीतल्या तीन कुंड्यांचे होते, तीन वर्षं वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. आई एकदा म्हणाली होती, "अहो, त्या कुंड्यांकडे इतकं काय बघता, त्या काय पळून जाणार आहेत?"

परवा दुपारी मी एका कवळीचं प्लॅस्टर ओतत होतो. आई आली आणि तिने माझ्या टेबलावर, ओल्या प्लॅस्टरच्या अगदी कडेला, तुझं पत्र ठेवलं. चार वर्षांपूर्वी मी या घरात फर्मान काढलं होतं की तुझं नाव निघणार नाही. ते निघालं नाही. पण तुझं पत्र दर महिन्याला तिच्या नावाने येत होतं, शिवणाच्या डब्यात जात होतं, आणि मला पत्ता नव्हता. मला, जो डिंकाचे थर मोजतो!

"तुम्ही तिच्या शाळेला पत्र लिहिलंत?" तिने विचारलं.

"कुठलं पत्र?"

"मुख्याध्यापिकेने तिच्या हातात दिलं. तुमचं अक्षर ओळखायला तिला चष्मा लागत नाही. त्या भल्या माणसाला काम टाकून यायला लावलं, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की बायकोला मारतोस का. वर्गातली मुलं काचेतून बघत होती. त्यांना ओठ वाचता येतात, माहितीये ना?"

मग म्हणालो, "पण तिचा दात?"

"तिचे सगळे दात जागेवर आहेत."

"तुला कसं माहीत?"

"विचारलं मी तिला. चार वर्षांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, की पोरगी कशी आहे?"

मग ती गेली. प्लॅस्टर तोवर भांड्यातच घट्ट झालं होतं, फेकून द्यावं लागलं.

तू आईला लिहिलं आहेस की अकरा जणांच्या यादीतून एक नाव काढावं लागेलसं वाटतं. ते नाव कुठलं ते मला कळतं. ससोबा, यादी तुझी आहे, पण एवढं एक ऐक. मी वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. तू आईला काहीही सांगशील, कारण आईला त्रास नको म्हणून तू लहानपणापासून सांगत आलीस की सगळं ठीक आहे. हात मोडला होता तेव्हाही ठीक होतं. मी कुणाच्या सांगण्यावर कसा विश्वास ठेवू? माणूस बोलताना काहीही बोलतं. दात खोटं बोलत नाहीत.

म्हणून सोबत मेणाची पट्टी पाठवतो आहे, नालासारखी वळवलेली. कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडव, मऊ झाली की दाढांपर्यंत तोंडात घेऊन एकदा घट्ट चाव, मग गार पाण्यात धर आणि कापसात गुंडाळून परत पाठव. तू सोळा वर्षांची असताना मी तुझ्या दातांचा साचा घेतला होता, तो माझ्या कपाटात आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहीन. सगळे ठसे जुळले की मी त्या लिफ्टवाल्याची माफी मागेन, लेखी. जुळले नाहीत तर मी पुढच्या गाडीने तिथे येतो.

बाबा

ता. क. मिरचीची खूण तू मुद्दाम केलीस, की मिरची खरंच फुलली होती?

६ सप्टेंबर

ससोबा,

पंधरा दिवस झाले. मेण आलं नाही, पत्र आलं नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, लिफ्टवाल्याने पाकीट दाबून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आईने पोस्टमनला फितवलं. काल जेवताना मी तिला तसं म्हणालोसुद्धा. तिने ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "तुम्ही झोपेत दात खाता."

"काय?"

"करकर. पस्तीस वर्षं ऐकतेय. आपल्या जावयाचे झिजलेले दात तुम्हाला एका कपभर चहात दिसले, आणि त्याच्या तोंडावर सांगितलंत की असा माणूस आत राग कोंडून ठेवतो, एक दिवस हात उचलेल. स्वतःचे कधी आरशात बघितलेत?"

मी म्हणालो, माझे ठीक आहेत. मग आज सकाळी लॅब उघडली, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या तोंडाचा साचा घेतला. तासाभराने प्लॅस्टर सोडवलं. दाढा पार सपाट, ससोबा. माझ्याकडे कुणा गिऱ्हाईकाचा असा साचा आला असता तर मी तो पाठवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं असतं की या म्हाताऱ्याला जपून, भडकेल. मी तुझ्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या दिवशी, तो पहिल्यांदा घरी आलेला असताना, चहा पुढ्यात असताना, मी जे बोललो ते काय होतं? तू म्हणाली होतीस, "तुम्ही तोंडं बघता बाबा, माणसं बघत नाही." आणि चप्पल घालून त्याच्या मागोमाग गेलीस. मी खिडकीतून बघत राहिलो. हाक मारली नाही. तोंडात आली होती.

तेव्हापासून मी काय केलं ते सांगतो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. वर्षभर काहीच केलं नाही. मग फोनमध्ये तुझे कुंड्यांचे फोटो सापडले. स्वतःच्या नावाने आलो तर तू दार लावशील असं वाटलं, म्हणून काकू झालो. रोज सकाळी सातला तुझा फोटो यायचा, सात दहाला माझा अंगठा. मला वाटायचं, झालं, आज मुलीशी बोललो. दिवसातून किती वेळा तेच फोटो उघडायचो त्याला गणती नाही. मेण गार होईपर्यंत एकदा, प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत एकदा. दोन बोटांनी फोटो मोठा करून तुझ्या ओठांच्या कडा बघायचो. मागच्या हिवाळ्यात एका आजोबांच्या कवळीत मी डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आजोबा आरशात बघून म्हणाले, "माझं हसू कुणीतरी उलटं शिवलंय." त्या वेळी मी तुझा एकशे दोन नंबरचा फोटो बघत होतो.

काकूचं खातं मी आज बंद केलं. नऊशे लोक होते तिच्या मागे, सगळ्यांना त्या तीन कुंड्यांचं भारी कौतुक. आता प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत काय करायचं ते कळत नाही. खिडकीतून रस्ता बघतो. समोर चप्पल शिवणारा बसतो, त्याच्याकडे एक मांजर आहे हे मला आज कळलं.

तुला एकच विचारायचं आहे, आणि उत्तर नाही असेल तर तसं लिही. यादीतून माझं नाव काढलंस का?

बाबा

१९ सप्टेंबर

बाबा,

काढलं नाही. काढणार होते. तुमच्या पत्रामुळे तो चार दिवस शाळेच्या बाजूच्या रस्त्यानेही गेला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माफी मागितली, तरी शिपाई अजून त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. हे मी विसरणार नाही, आणि विसरले असं खोटं लिहिणारही नाही. माफी तुम्ही त्याची मागायची आहे. ती मेणावर अवलंबून नको.

आता तुमच्या संशयांची उत्तरं, एकदाच. पाकिटावरचा पत्ता त्याने लिहिला कारण माझे हात कुंडीतल्या मातीने भरले होते. पाकीट दोनदा चिकटवलं कारण गुडघ्याचं मला मागाहून आठवलं आणि ती ओळ लिहायला पुन्हा उघडलं. फोन वरच्या खणात मीच ठेवायला लावला, माझा हात पुरू नये म्हणूनच. खुर्ची ओढून घेईपर्यंत विचार करायला वेळ मिळतो की आपण का उठलो होतो. बऱ्याचदा कशासाठीच उठलेले नसते. मिरची खरंच फुलली होती.

काकू म्हणजे तुम्ही, हे मला दीड वर्षापूर्वी कळलं. माझ्या मैत्रिणीबरोबरच्या फोटोखाली तुम्ही लिहिलं होतं, "मैत्रिणीच्या वरच्या डाव्या दोन नंबरची कॅप सुरेख जमली आहे, फक्त रंग अर्ध्या छटेने उजळ झाला." बाबा, कुठली काकू असं लिहिते? मी बसमध्ये एकटीच मोठ्याने हसले. मग रडले. तुम्ही होतात! रोज सात दहाला तुम्हीच होतात!

काही महिने मला ते आवडलं. मी सातच्या आधी उठायचे, रोपांमागे उजेड बघायचे, चेहरा नीट करायचे, फोटो टाकायचे आणि सात दहाची वाट बघायचे. अंगठा आला की दिवस सुरू. मग एकदा त्याने विचारलं, "कुणाला दाखवतेस?" मी सांगितलं, बाबांना. तो म्हणाला, "मग बोलत का नाहीस?" त्या दिवसापासून मी फोटोत तोंड मिटलं. तुम्ही काय शोधता ते मला माहीत होतं, आणि मला बघायचं होतं की दात दिसले नाहीत तर तुम्ही काही विचाराल का. एकशे चौदा फोटो वाट पाहिली. तुम्ही रोज अंगठाच दिलात.

मग मी सगळंच बंद केलं. सगळं तुमच्यासाठी नाही. सकाळ मला परत हवी होती, घरातल्या माणसाशी त्याच्याकडे बघून बोलायचं होतं, आणि झाडांना फोटोसाठी नाही तर तहान लागली म्हणून पाणी घालायचं होतं. पण अकरावा पत्ता मी काकूंना पाठवला तो तुमच्यासाठी. दहा जणांना सहज लिहिला. अकरावा तीनदा लिहून पुसला. वाटलं, अंगठा बंद झाला की बाबा पेन उचलतील. उचललंत, पण तेही काकूच्या हाताने.

मेणाची पट्टी कोरी परत पाठवते आहे. एकदा बुडवली होती कढत पाण्यात, तोंडाजवळ नेली होती. मग ठेवून दिली. सगळे दात आहेत. हे तुम्हाला मी म्हणते म्हणून मानावं लागेल, दुसरा पुरावा मिळणार नाही.

वर्गातली सहा मुलं दिवसभर माझ्या तोंडाकडेच बघतात, बाबा. डोळ्यांची पापणी न हलवता. मी काय म्हणते आहे ते कळावं म्हणून.

महिन्याला एक पत्र. स्वतःच्या नावाने.

ससोबा

२५ सप्टेंबर

ससोबा,

कोरं मेण मिळालं. उजेडात धरून पाहिलं, सवयीने. मग वितळवून बाकीच्या मेणात मिसळून टाकलं, म्हणजे पुन्हा काढून बघता येणार नाही. तुझे सगळे दात जागेवर आहेत. तू म्हणतेस म्हणून.

तुझा सोळाव्या वर्षीचा साचा आईला दिला. तिने तो खिडकीत कुंड्यांच्या शेजारी ठेवला आहे. येणारे-जाणारे दचकतात.

जावईबापूंना वेगळं पत्र लिहिलं आहे, या पाकिटात घातलं नाही, कारण ते त्यांचं त्यांनीच उघडावं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये 'पण' हा शब्द होता. चौथ्यात नाही. बुटक्या खुर्चीचंही लिहिलं आहे. मुख्याध्यापिकाबाईंनाही लिहिलं, खाली माझं नाव, धंदा आणि पत्ता घालून. दातांच्या बाबतीत मी चुकलो, असं.

तुझ्या पाकिटाच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. कसला, ते विचारत नाही. बघ, विचारत नाही. जड जातंय.

दुसरं विचारायचं आहे, आणि हे मी तुला कधीच विचारलं नाही हे आता लिहिताना लक्षात आलं. ती मुलगी बाकावर चढून उभी राहिली होती, आठवडाभराने शब्द सापडला म्हणून. तो शब्द कुठला होता?

तुझा,
बाबा